सिस्टर, असं मशीन घरी मिळत नाही का?

सर्जिकल वॉर्डात 26 वर्षं काढली. निवृत्त झाले तरी फोन येतातच. परवा एका मुलीचा आला. वडिलांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं, पाचव्या दिवशी घरी सोडणार होते. "सिस्टर, साखर तपासायचं मशीन असतं ना, तसं आतला जोड गळतोय का हे सांगणारं काही नाही का?" हे इतक्यांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते.

तसं मशीन दुकानात मिळत नाही. आतड्याचा खराब भाग काढून उरलेली टोकं जोडतात. तो जोड गळला की आतली घाण पोटात उतरते. पंचाईत अशी की हे बऱ्याचदा पाचव्या-सातव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा कळतं. म्हणजे नेमकं पेशंट घरी गेल्यावर.

सध्या जास्त भरवसा सीआरपीवर, म्हणजे अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनावर. ऑपरेशननंतर ते सगळ्यांचंच चढतं, दोन-तीन दिवसांनी उतरायला लागतं. चौथ्या दिवशी लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर जोड बहुधा शाबूत. वर असेल तर मात्र जोडच गळाला असं नाही. छातीत कफ धरला, टाक्यांत पू झाला तरी ते चढतं. बोटातल्या थेंबावर काही मिनिटांत सीआरपी सांगणारी छोटी यंत्रं आहेत, पण ती दवाखान्यातली.

ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतलं पाणी आम्ही रंगावरून, वासावरून ओळखायचो. आता त्यातली आम्लता, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं द्रव्य), जंतू टिपणारे सेन्सर बनवायचं काम चाललंय. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने तर 2024मध्ये जोडाजवळ चिकटवायचा, पुढे आपोआप विरघळणारा तुकडा दाखवला. गळतीने आम्लता बदलली की तो फुगतो, त्यातल्या धातूच्या चकत्या लांब सरकतात आणि ते सोनोग्राफीत दिसतं. अजून प्राण्यांवरच झालंय ते.

मला विचाराल तर असं यंत्र लवकर यावं, आणि त्याचं कारण माझं स्वतःचं आहे. एका रात्री तीन वाजता मी शिकाऊ डॉक्टरांना उठवलं. वॉर्डातल्या एका आजोबांना ताप नव्हता, पोट मऊ होतं. नाडी तेवढी 112, आणि संध्याकाळपर्यंत गप्पा मारणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. "दुखत असेल, इंजेक्शन द्या," म्हणाले. सकाळी दहाला पोट पुन्हा उघडावं लागलं. 'मला यांचं लक्षण बरं दिसत नाही' याला रात्री तीनला किंमत नसते हो. आकड्याला असते.

आणि हो, त्या मुलीला काय सांगितलं? कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटात पडलं असेल. त्यावर दुसरा आकडा नाडीचा असतो. सकाळ-संध्याकाळ, निवांत पडलेले असताना, वहीत लिहायचा. शंभरच्या वर राहायला लागला, पोट फुगलं, थंडी वाजली, उलटी झाली किंवा जेवण नकोसं झालं, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनना फोन करायचा. वही सोबत न्यायची.

सेल मात्र आधी बदलून घे म्हटलं.