तुम्ही विचारलंत म्हणून: भुतांच्या पुस्तकातून मुलं काय शिकणार?

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मी शनिवारी बसते. आठवी-नववीची मुलं भुताखेतांच्या कादंबऱ्या नेतात आणि त्यांचे आईबाबा मला हटकून विचारतात, "यातून काय शिकणार हो ही?" तुम्हीही तेच विचारलंत. म्हणून एकाच पुस्तकाबद्दल सांगते, एडन थॉमस यांच्या 'सेमेटरी बॉइज'बद्दल. सांगताना शेवट फुटेल, त्याला इलाज नाही.

२०२० सालची ही कादंबरी घडते पूर्व लॉस एंजेलिसमध्ये. एका दफनभूमीच्या आवारातच राहणारं लॅटिन अमेरिकी कुटुंब आणि त्यांचा समाज. विद्या पिढीजात. बायका, म्हणजे ब्रुहा, माणसांना बरं करतात. पुरुष, म्हणजे ब्रुहो, अडकलेल्या आत्म्यांना मोकळं करतात. सोळा वर्षांचा यादरिएल ट्रान्स मुलगा आहे. जन्मल्यावर त्याला मुलगी ठरवलं गेलं, त्यामुळे ब्रुहो होण्याचा पंधराव्या वर्षीचा विधी त्याच्यासाठी कोणी करत नाही. आई त्याच्या बाजूची होती, ती वारली. मग तो नात्यातल्या मारित्साला घेऊन रात्री चर्चमध्ये शिरतो आणि स्वतःच विधी करतो. विधीला लागणारा खंजीर तिनेच बनवून दिलेला. ही मारित्साही बाजूलाच पडलेली, कारण बरं करायला प्राण्याचं रक्त लागतं आणि ती कट्टर व्हीगन.

त्याच रात्री त्यांच्या नात्यातला भाऊ मिगेल मरतो. देह कुठे आहे, कोणालाच ठाऊक नाही. पण तो गेल्याची कळ साऱ्या समाजाला एकाच क्षणी येते. यादरिएललाही येते. शोधायला पुरुष निघतात आणि वडील त्याला सांगतात, तू बायकांबरोबर थांब. हे पान मी किती वेळा वाचलं असेल! दुःख त्याच्यापर्यंत पोचलं, बोलावणं मात्र नाही.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. माझ्या आत्याने जातीबाहेर लग्न केलं. महाराष्ट्रात वाळीत टाकणं २०१६च्या कायद्याने गुन्हा ठरलं, पण आमच्याकडे कोणी तिला वाळीत टाकलं नव्हतंच. फक्त कार्यात तिचं पान मांडलं जात नसे. ती गेली त्या वर्षी सर्वपित्रीला गुरुजी एकेक नाव विचारत होते, बाबा सांगत होते. आजोबा, पणजोबा, आजी, थोरले काका. मी दाराशी पळीपंचपात्र घेऊन उभी. आत्याचं नाव आलं नाही.

तर पुस्तकाकडे वळू. मिगेलचा आत्मा शोधताना यादरिएलच्या हाती चुकून भलत्याच मुलाचा आत्मा लागतो, हुलियनचा. हुलियनचे मित्र म्हणजे घराने टाकलेली, रस्त्यावर वाढलेली पोरं. त्यांनी एकमेकांनाच घर मानलंय. साधा लेखक असता तर यादरिएलला त्यांच्यात धाडून मोकळा झाला असता. इथे तसं होत नाही. त्याला आपलीच माणसं हवी आहेत, आपल्याच आजीच्या हातचं जेवण, झेंडूच्या फुलांनी सजलेला मृतांचा सण. हा हट्ट मला फार खरा वाटतो.

आणि मिगेलचा खुनी कोण? यादरिएलचा काका, कात्रिस. तो वडिलांचा थोरला भाऊ, पण विद्येशिवाय जन्मलेला, म्हणून आयुष्यभर कडेला बसवलेला. पुतण्याचं दुःख घरात त्याच्याइतकं कोणाला समजत नव्हतं. एका नववीतल्या मुलीने पुस्तक परत करताना टेबलावरची पेन्सिल फिरवत मला विचारलं, "काकाला कोणीच कधी विचारलं नाही का, तुला काय वाटतं म्हणून?" तिच्या आईने आदल्याच आठवड्यात तुमचाच प्रश्न विचारला होता.

शेवटी वडील सगळ्या समाजासमोर उभे राहतात, आपलं चुकलं म्हणतात आणि मुलाला ब्रुहो म्हणून पुढे आणतात. बंद खोलीत मागितलेली माफी इथे पुरली नसती. त्याला नाकारलं ते सर्वांदेखत, तेव्हा नाव पुकारायचं तेही सर्वांदेखतच.

बाबा आता थकलेत. गेल्या सर्वपित्रीला गुरुजींना नावं मी सांगितली. आत्याचं नाव घेतलं तेव्हा गुरुजींनी फक्त गोत्र विचारलं. मी तिच्या सासरचं सांगितलं. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते, काही बोलले नाहीत. पण कावळ्यासाठी पान ठेवायला स्वतः उठून गॅलरीत गेले.