तुम्ही विचारलेत म्हणून: कोरीन लपाजच का?

मी फ्रेंच शिकवते आणि फ्रान्सच्या पर्यावरणविषयक राजकारणाचा विषय निघाला की वर्गात वकील आणि माजी पर्यावरणमंत्री कोरीन लपाज यांचे नाव घेतल्यावाचून मला राहवत नाही. मग कोणीतरी हमखास विचारते, की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ज्यांना दोन टक्केही मते पडली नाहीत, त्यांचे एवढे काय कौतुक? आकडा खरा आहे. २००२ साली त्यांना १.८८ टक्के मते मिळाली. मात्र मतांच्या मापाने त्यांची कारकीर्द मोजणे मला पटत नाही, कारण त्यांचे खरे काम न्यायालयात झाले.

१६ मार्च १९७८ रोजी सुकाणू निकामी झालेले 'आमोको कादिझ' हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रतान्य प्रांतातल्या पोर्साल गावापाशी खडकांवर आदळले आणि त्यातले दोन लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजमालकाकडून मिळणाऱ्या भरपाईला ठरावीक मर्यादा होती. किनाऱ्यावरच्या गावांनी तिच्यावर समाधान न मानता जहाजामागच्या मूळ अमेरिकी तेल कंपनीच्या, आमोकोच्या, घरी, म्हणजे थेट शिकागोच्या न्यायालयात, दावा लावला. अमेरिका त्या कराराची सदस्य नसल्यामुळे तिथे ती मर्यादा आड येत नव्हती. या गावांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत लपाज आणि त्यांचे पती ख्रिस्तियाँ युग्लो हे होते. अपघात झाला तेव्हा लपाज अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या. सुकाणूच्या यंत्रणेची देखभाल कंपनीने नीट केली नव्हती, हे न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केले. तरीही भरपाईचा वाद अपिलापर्यंत जाऊन १९९२ मध्ये मिटला. चौदा वर्षे! एवढ्या काळात मूळ तक्रार करणारे कितीतरी सरपंच बदलले असतील.

१९९५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी लपाज यांना पर्यावरणमंत्री केले. त्या मंत्रिमंडळात बारा स्त्रिया होत्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना ज्युपे यांच्या नावावरून 'ज्युपेत' असे काहीसे हिणवणारे नाव दिले होते. सहा महिन्यांतच त्यांपैकी आठजणींना घरी पाठवण्यात आले, लपाज टिकल्या. त्यांच्या कार्यकाळाची खूण म्हणजे ३० डिसेंबर १९९६ चा हवेसंबंधीचा कायदा. आरोग्याला बाधा न आणणारी हवा श्वासात घेण्याचा प्रत्येकाचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. संसदेतून बाहेर पडेपर्यंत तो बराच सौम्य झाला होता, ही टीका मला रास्त वाटते. पण हवेची मोजणी देशभर करणे, तिची माहिती लोकांना देणे आणि एक लाखाहून मोठ्या नागरी वस्त्यांनी वाहतुकीचा आराखडा तयार करणे त्याने बंधनकारक केले. १ ऑक्टोबर १९९७ रोजी पॅरिसमध्ये सम क्रमांकाच्या मोटारी घरी ठेवाव्या लागल्या आणि मेट्रो व बस फुकट झाली, ती याच कायद्याच्या बळावर. तोवर निवडणुका होऊन लपाज पायउतार झाल्या होत्या आणि आदेश दिला तो त्यांच्यानंतर आलेल्या दोमिनिक व्वाने यांच्या काळात. सुपरफेनिक्स अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याच्या आदेशावर मात्र लपाज यांनी मंत्री असतानाच सही नाकारली होती.

पुढे २००९ ते २०१४ त्या युरोपीय संसदेत होत्या. २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना उमेदवारीसाठी आवश्यक असलेल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्यासुद्धा जमवता आल्या नाहीत, हेही तुम्ही मला ऐकवता. पण त्याच वर्षी २५ सप्टेंबरला फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९९ मध्ये बुडालेल्या 'एरिका' या तेलवाहू जहाजाच्या खटल्यात तोताल या तेल कंपनीचा दोष कायम केला आणि निसर्गाची हानी ही माणसांच्या नुकसानाहून वेगळी, स्वतंत्र हानी म्हणून मान्य केली. त्या खटल्यात किनाऱ्यावरच्या काही गावांच्या वकील लपाज होत्या. २०१६ मध्ये ही संकल्पना फ्रेंच नागरी संहितेत दाखल झाली.