निसटलेली चप्पल

2022 च्या जून महिन्याचा पहिला आठवडा होता आणि पीककर्ज वाटपाची धांदल ऐन भरात होती. एका सभासदाच्या खात्यातील सात रकमांची बेरीज मी तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा उत्तर निराळे आले. राळेगाव तालुक्यातील सेवा सहकारी संस्थांचा गटसचिव म्हणून मी बावीस वर्षे किर्द आणि खतावणी लिहीत आलो आहे. उभी बेरीज तोंडी करणे ही माझी काहीशी मिरवण्याची गोष्ट होती आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या सभासदालाही ती ठाऊक होती. "सायेब, मशीन घ्या ना, काहून डोक्याले तरास देता?" असे तो म्हणाला, तेव्हा मी हसून कॅल्कुलेटर ओढला, परंतु दुसरा आकडा दाबेपर्यंत पहिला दाबला होता की नाही, हेच माझ्या ध्यानात राहत नव्हते.

त्यानंतर अशा गोष्टी वाढत गेल्या. शुक्रवारच्या बाजारात भाजीवालीसमोर उभा राहून मला 'सांभार', म्हणजे कोथिंबीर, हा शब्द आठवेना. जुडी समोर दिसत होती, तिचा वास येत होता, आणि तोंडातून केवळ "ते... ते हिरवं" एवढेच निघत होते. तिने पालक पुढे केला, मग मेथी पुढे केली. शेवटी मी बोट दाखवले आणि मुक्या माणसासारखे पैसे देऊन निघालो. कार्यालयात पीककर्जाचे कमाल मर्यादा पत्रक भरताना जमिनीच्या आठ-अच्या उताऱ्यावर नजर पडली की तो कागद कशासाठी असतो, याचा काही क्षण उलगडाच होत नसे. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत वीस वर्षांची पाठ असलेली ओळ मधेच तुटे आणि मी शेजाऱ्याच्या ओठांकडे बघत राही.

वर्तमानपत्रांतून याला 'ब्रेन फॉग' म्हणतात हे मी करोनाच्या काळात वाचले होते. आमच्याकडे पौषाच्या सुमारास तुरीवर धुवारी, म्हणजे दाट धुके, येते आणि फुलोरा गळतो. मनातल्या मनात मी माझ्या दुखण्याला धुवारीच म्हणत होतो. मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर हा शब्द मी कधी उच्चारला नाही, आणि माझ्या निदानाला जो दीड वर्षाहून अधिक उशीर झाला, त्यातील बराचसा माझ्या शब्दांमुळे झाला, असे आज मला वाटते.

तालुक्याच्या गावी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा "अशक्तपणा वाटतो" असे सांगितले, कारण आमच्याकडे दवाखान्यात जाऊन सांगायचा तोच एक सर्वमान्य शब्द आहे. अशक्तपणावर जे मिळते ते मला मिळाले: एक सलाईन, लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि ताकदीचे लाल इंजेक्शन. पुढचे आठ-दहा दिवस बरे गेले आणि नंतर पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्या डॉक्टरांकडे "चक्कर आल्यासारखे होते" म्हणालो, तर त्यांनी कान तपासले आणि चकरेच्या गोळ्या दिल्या, ज्यांनी दिवसभर गुंगी राहिली. तिसऱ्या ठिकाणी "विसरायला होते" म्हटल्यावर माझे वय विचारले गेले; एक्कावन्न ऐकून डॉक्टर मंद हसले आणि टेन्शन कमी करा म्हणाले. संस्थेतील सहकाऱ्यांनी तर सगळे खापर संगणकीकरणावर फोडले, जे बिचारे तोवर आमच्या कार्यालयात पुरते सुरूही झालेले नव्हते. आईने एका अमावस्येला माझ्यावरून लिंबू उतरवून तिवाट्यावर नेऊन टाकले. त्याचा खर्च या एकोणीस महिन्यांतील सर्वांत कमी होता, एवढे मी नमूद करतो.

एक शंका मात्र मला आणि घरच्यांनाही मनापासून खरी वाटत होती. माझी साडेतीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे आणि फवारणी मी अनेक वर्षे स्वतःच करीत आलो आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला; त्या दिवसांची धास्ती आमच्या भागात अजून गेलेली नाही. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज नावाच्या विकराचे (एन्झाइमचे) काम बंद पाडतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण तपासून विषाचा अलीकडचा परिणाम अजमावता येतो, ही माहिती मी वाचून काढली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन ती तपासणी आग्रहाने करवून घेतली. अहवाल सामान्य आला. ज्या कारणावर माझा विश्वास बसला होता ते हातातून गेल्याचे मला चक्क वाईट वाटले. निदान त्याला नाव तरी होते.

त्याच फेरीत आणखी तपासण्या झाल्या. थायरॉईड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन 13.6, मेंदूचा एमआरआय वयोमानानुसार ठीक. एमआरआयला गेलेले पैसे कापसाच्या दोन क्विंटलांचे होते. जीवनसत्त्व बी-12 ची तपासणीही झाली आणि तिचा आकडा 600 च्या वर आला. कागदावर सामान्य मर्यादा 200 ते 900 पिकोग्रॅम अशी छापलेली होती, म्हणून डॉक्टरांनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. ती खूण माझ्या फाईलमध्ये आजही आहे. तिला मी दोष देत नाही, कारण अकरा दिवसांपूर्वी तालुक्यात मी पुन्हा एक लाल इंजेक्शन घेतले होते, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. लाल इंजेक्शन म्हणजेच बी-12, हे मला ठाऊक असते तर कदाचित सांगितले असते. आमच्यासाठी ते ताकदीचे इंजेक्शन होते. सलाईन आणि इंजेक्शन यांची आम्ही औषधांत गणनाच करीत नाही; औषध म्हणजे गोळी.

सगळे अहवाल ठीक आल्यावर माणसाची अवस्था चमत्कारिक होते. मला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, उदासीनतेनेही स्मरण आणि एकाग्रता मंदावते हे समजावून सांगितले आणि एक गोळी सुरू केली. त्यांचे म्हणणे चूक नव्हते, कारण तोवर मी खरोखरच उदास झालो होतो. मार्चअखेरीच्या वसुलीची पत्रके मी रात्री घरी आणून पत्नीकडून तपासून घेत असे. ती दहावी शिकलेली आहे आणि तिच्या चुका माझ्यापेक्षा कमी निघत. एके रात्री पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, तुमी सगळ्यायले डोक्याचंच सांगता. पायाचं काहून नाही सांगत?"

पायाचे म्हणजे असे होते. शेतीची वीज आमच्याकडे पुष्कळदा रात्रीच येते, त्यामुळे मोटार सुरू करायला अंधारात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जावे लागते. आदल्या हिवाळ्यापासून त्या वाटेवर माझा तोल जाऊ लागला होता. बॅटरी असली तर नीट चालता येई, नसली तर झिंगल्यासारखे पाऊल पडे. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की मी पुढे झुकत असे आणि मोरीच्या भिंतीला हात टेकवीत असे. आणि तिसरी गोष्ट पत्नीच्या रोजच्या चेष्टेची होती: चालताना माझी डावी चप्पल पायातून निघून मागे राहायची, मी तसाच चार-सहा पावले पुढे जायचो, आणि मागून कोणीतरी "भाऊ, चप्पल!" असे ओरडले म्हणजे मला समजायचे. मी दोनदा नवीन चपला घेतल्या. दोष पट्ट्याचा आहे असा माझा समज होता.

2024 च्या जानेवारीत आम्ही सेवाग्रामला गेलो. खेड्यांसाठी म्हणून 1969 मध्ये सुरू झालेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय आमच्या भागातल्या लोकांना परके वाटत नाही. यावेळी मी आजाराचे नाव सांगायचे नाही असे ठरवले होते. पत्नीच्या सांगण्यावरून एका शाळेच्या वहीत मी केवळ घडलेल्या गोष्टी लिहून नेल्या होत्या: अमुक तारखेला सात रकमांची बेरीज चुकली, अमुक दिवशी सांभार आठवला नाही, अमुक रात्री धुऱ्यावरून पडलो, चप्पल निसटली आणि समजले नाही. तरुण डॉक्टरबाईंनी ती वही हातात घेतली, दोन पाने वाचली, आणि चपलेच्या ओळीवर थांबल्या. त्यांनी विचारले, "चप्पल निसटताना कळते, पण धरून ठेवता येत नाही, की निसटल्याचे कळतच नाही?" हा प्रश्न एवढा बारीक असू शकतो, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. धरून ठेवता येत नसेल तर ताकद कमी असते; कळतच नसेल तर संवेदना गेलेली असते, असे त्यांनी नंतर सांगितले.

आधी त्यांनी कागद-पेन्सिलीची परीक्षा घेतली. घड्याळ काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवायची होती, ऐकलेले पाच शब्द काही मिनिटांनी परत सांगायचे होते, आणि शंभरातून सात-सात वजा करीत जायचे होते. 93 म्हणालो, 86 म्हणालो, आणि तेथेच बसलो. बावीस वर्षे व्याज काढणारा मनुष्य मी, पुढचा आकडा सापडेना तेव्हा डोळे भरून आले. 30 पैकी 26 आणि त्यावरचे गुण सामान्य समजतात. मला 21 मिळाले.

मग त्यांनी माझ्या चपला काढायला लावल्या. 128 हर्ट्झचा नादकाटा तळहातावर आपटून त्याचा बुंधा त्यांनी माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि कंप थांबला की सांगा म्हणाल्या. मी लगेच "थांबला" म्हणालो. त्यांनी तोच काटा उचलून माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला, तर तो चांगला घुमत होता. पुढे त्यांनी मला पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. मी झुललो आणि त्यांनी व पत्नीने दोन्ही बाजूंनी धरले. एमआरआयच्या यंत्राने जे दाखवले नाही ते एका काट्याने पाच मिनिटांत दाखवले, ही गोष्ट मी अजून लोकांना रंगवून सांगतो. अर्थात यंत्राची त्यात चूक नव्हती. त्यात माझे डोके ठेवले होते आणि बिघाड पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या तंतूंतही होता.

डोळे मिटले तरी पाय कोठे आहेत हे मेंदूला कळवणारे तंतू कण्याच्या मागच्या भागातून वर जातात, आणि बी-12 कमी पडले की त्या तंतूंवरचे वेष्टण झिजते. मोटारीच्या वायरीवरचे रबर उंदराने कुरतडावे तसे, हे माझे उदाहरण. डॉक्टरबाईंना ते पटले. मेंदूतील तंतूंनाही तेच वेष्टण असते. मग त्यांनी खाण्याचे विचारले. मी माळकरी, मांस-अंडी वर्ज्य; म्हैस विकल्यापासून घरात दूध नाममात्र आणि चहा कोरा. बी-12 आपल्याला प्राणिज अन्नातून आणि दुधातूनच मिळते. शेवटी त्यांनी विचारले, "रोजची एखादी गोळी?" मी नाही म्हणालो. पत्नीने पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवले. गॅसची गोळी मी सहा वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी घेत होतो, आणि तीही औषध आहे हे माझ्या हिशेबात नव्हते. अन्नातील बी-12 मोकळे व्हायला जठरातील आम्ल लागते, आणि ती गोळी तेच आम्ल कमी करते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांतही ही कमतरता आढळते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून दुखणे पाठोपाठ येत नाही आणि कारणाकडे बोट जात नाही.

आधीच्या अहवालाचा उलगडाही तेथेच झाला. इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांत रक्त दिले, म्हणून आकडा वर दिसला. आणि फॉलिक ॲसिडमुळे रक्तातील दोष झाकला गेला, हिमोग्लोबिन चांगले राहिले, मज्जातंतूंची झीज मात्र सुरूच राहिली. यावेळी शेवटच्या इंजेक्शनाला आठ महिने उलटले होते. बी-12 आले 131, आणि बी-12 कमी पडले की रक्तात साचणारे होमोसिस्टीन आले 44 मायक्रोमोल, जे साधारणतः 15 च्या आत असावे लागते.

तेच लाल इंजेक्शन पुन्हा सुरू झाले, पण यावेळी हिशेबाने: आधी दिवसाआड, मग दर आठवड्याला, आता दर महिन्याला. गॅसची गोळी त्यांनी टप्प्याटप्प्याने बंद केली. चौथ्या महिन्यात एका दुपारी मी सात रकमांची बेरीज तोंडी केली, कॅल्कुलेटरवर पडताळली, आणि कोणाला काही न सांगता पान उलटले. परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा 26 गुण आले, म्हणजे काठावर पास. शब्द अजूनही अधूनमधून अडकतात, विशेषतः माणसांची नावे. अंधारात धुऱ्यावर बॅटरीशिवाय मी जात नाही. डावा अंगठा अजून बधिर आहे, आणि झीज फार दिवस चालली असेल तर सगळेच भरून येत नाही, हे डॉक्टरबाईंनी न लपवता सांगितले आहे.

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. चप्पल आता निसटताना समजते, पण दर वेळी नाही. ते वहीच्या नव्या पानावर तारखांसह लिहून ठेवले आहे.