डिजिटल कम्युनिकेशनसाठी पुस्तक कसं निवडलं, माझा अनुभव

सहाव्या सेमला डिजिटल कम्युनिकेशन लागलं तेव्हा सिलॅबसच्या शेवटी टेक्स्टबुक आणि रेफरन्स मिळून नावांची ही लांबलचक यादी होती, पण त्यातलं नेमकं कुठलं उघडायचं ते कोण सांगणार. मी ईटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), राहते गोव्यात डिचोलीला, कॉलेज फोंड्याच्या बाजूला, म्हणजे रोज कदंबाच्या बसने ये-जा, त्यात पावसाचे दिवस, त्यामुळे दोन-दोन जाड पुस्तकं बॅगेत घालून फिरणं शक्यच नव्हतं, काय ते एकच ठरवायचं होतं. विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच, आणि आमच्यात पुस्तकाला लेखकाच्या नावानेच ओळखतात. मैत्रीण म्हणाली, "अगो, हेकिन घे आनी ओगी बस," म्हणजे गप्प बस. एक सीनियर गेटची तयारी करत होता, त्याच्या मते प्रोआकिस वाचलं नाही तर काही वाचलंच नाही. चुलतबहीण वेर्ण्याला एका कंपनीत कामाला आहे, ती म्हणाली स्क्लार, बाकी कोणाचं ऐकू नकोस. आणि वर्गातले बरेचजण लोकल ऑथरचं गाईड घेऊन मोकळे, त्यांना मी नावं ठेवत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री तेच कामाला येतं.

आता हे सगळे आपापल्या जागी बरोबरच होते, पण माझ्या डोक्यात काय शिरतंय ते त्यांना कसं कळणार. म्हणून मी एक टॉपिक धरला, जो लेक्चरला डोक्यावरून गेला होता, आणि लायब्ररीत बसून तोच सगळ्या पुस्तकांत वाचायचा असं ठरवलं. टॉपिक होता बीपीएसकेची (० आणि १ साठी एकमेकींच्या उलट फेजच्या लहरी पाठवायची पद्धत) बिट एरर प्रोबॅबिलिटी, म्हणजे सिग्नलमध्ये नॉइज मिसळल्यावर रिसीव्हर ० ला १ किंवा १ ला ० किती वेळा समजेल. हाच का, तर यात सगळंच येतं, नॉइजमधून सिग्नल उत्तम वेचणारा मॅच्ड फिल्टर येतो, गॉशियन नॉइज येतो, ० की १ ठरवायचा थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा ते येतं आणि ईबी बाय एन-झिरो, म्हणजे एका बिटची एनर्जी भागिले नॉइजची डेन्सिटी, येतो, आणि हे एकदा बसलं की क्यूपीएसके, एफएसके या बाकीच्या पद्धती पुढे आपोआप सुटत जातात. नियम एवढाच की दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि पुढची ओळ आपण वहीत लिहून बघायची. जिथे ओळ सुचते ते पुस्तक आपलं.

पहिलीच गंमत म्हणजे उत्तरंच वेगळी दिसतात. हेकिनच्या कम्युनिकेशन सिस्टिम्समध्ये उत्तर येतं अर्धा गुणिले ईआरएफसी, आत रूटमध्ये ईबी बाय एन-झिरो. स्क्लारमध्ये येतं क्यू फंक्शन आणि आत रूटमध्ये दोन ईबी बाय एन-झिरो. समोरासमोर ठेवलं की वाटतं कोणीतरी चुकलंय, पण कोणीच चुकलेलं नाही, दोन्ही फंक्शन गॉशियन वक्राच्या शेपटीचंच क्षेत्रफळ मोजतात, क्यू ऑफ एक्स म्हणजेच अर्धा ईआरएफसी ऑफ एक्स बाय रूट २, घालून बघा, तेच येतं. म्हणून पुस्तक घेताना नोटेशन जरूर बघा, तुमचे सर बोर्डवर क्यू लिहीत असतील आणि पुस्तकात ईआरएफसी असेल तर प्रत्येक गणिताला मधे एक भाषांतर करावं लागतं आणि पेपरात तेवढा वेळ नसतो.

हेकिनबद्दल म्हणाल तर पुस्तक चांगलंच आहे, सिग्नल स्पेसचा चॅप्टर तर मला सगळ्यात आवडला तो त्यातलाच. पण त्याच्या चौथ्या एडिशनचा पहिला चॅप्टरच रँडम प्रोसेसेस आहे, ऑटोकोरिलेशन, पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी, सगळं सुरुवातीलाच, आणि ज्याचं प्रोबॅबिलिटी कच्चं तो तिथेच बसतो. मुलं म्हणतात हेकिन कठीण, माझं मत असं की हेकिन कठीण नाही, प्रोबॅबिलिटी राहून गेलेली असते आणि खापर फुटतं पुस्तकावर.

लाठींचं पुस्तक याच्या उलट चालीचं. बी. पी. लाठी मूळचे महाराष्ट्रातले, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं, पण त्यासाठी कोणी पुस्तक घेऊ नये. त्यांचं मॉडर्न डिजिटल अँड अ‍ॅनालॉग आधी सिग्नल आणि फूरिअर नीट समजावतं, प्रोबॅबिलिटी बरंच नंतर येतं, सोडवलेली उदाहरणं भरपूर. पीसीएम, म्हणजे आवाजाचे सँपल घेऊन त्यांचे बिट करणं, मी तिथूनच केलं, सेकंदाला ८००० सँपल आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणून टेलिफोनचा एक आवाज ६४ केबीपीएस, आणि एक बिट वाढवला की क्वांटायझेशनचा एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) साधारण ६ डीबीने सुधारतो, हे वाचून डोक्यात पक्कं बसलं. फक्त अ‍ॅनालॉगचा भाग बराच आहे, तुमचा पेपर नुसता डिजिटलचा असेल तर तेवढं वजन उगाच वाहायचं.

प्रोआकिसच्या डिजिटल कम्युनिकेशन्सला मी नमस्कार करून परत शेल्फवर ठेवलं. पहिली एडिशन १९८३ ची, पाचवी २००८ ची सालेहींबरोबर, आणि ते एम.ई. आणि पुढच्यांसाठीच आहे, बँडपास सिग्नलचं लो-पास रूप तुम्हाला सरावाचं असल्यासारखं पटापट पुढे जातं. एक लक्षात ठेवा, याच दोघांचं कम्युनिकेशन सिस्टिम्स इंजिनिअरिंग नावाचं दुसरं पुस्तक आहे, ते बी.ई.च्या मुलांना झेपतं. लेखक तेच म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन भलतंच मागवलं जातं, कव्हर नीट वाचा.

स्क्लारमध्ये माझी पुढची ओळ सुचली. त्याचा ब्लॉक डायग्राम प्रसिद्ध आहे, सोर्सपासून रिसीव्हरपर्यंत अख्खी साखळी एका चित्रात, आणि आपण आता कुठल्या डब्यात आहोत ते वाचताना कळत राहतं. शिवाय एसएनआर असताना ईबी बाय एन-झिरो कशाला पाहिजे, हे तो थांबून सांगतो, वेगवेगळ्या बिट रेटच्या सिस्टिमची तुलना करायची तर प्रत्येक बिटला किती एनर्जी मिळाली तेच बघावं लागतं. बाकीच्या पुस्तकांत ते गृहीतच धरलेलं होतं. वेर्ण्याच्या ताईचं म्हणणं मला तेव्हा पटलं, ती लिंक बजेट करते, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी रिसीव्हरला किती पोचते त्याचा हिशेब, आणि स्क्लारमध्ये लिंक अ‍ॅनालिसिसला स्वतंत्र चॅप्टरच आहे. पण डेरिव्हेशन काही ठिकाणी तो हेकिनएवढं पूर्ण देत नाही, दहा मार्कांचं उत्तर लिहायचं असेल तर अंगावर येतं.

मग खात्री करायला घरी ऑक्टेव्ह या गणिताच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, रँडम बिट, प्लस-मायनस वन, गॉशियन नॉइज, आणि चुका मोजायच्या. मधेच वीज गेली, ते आमच्याकडे जुलैत चालायचंच. ईबी बाय एन-झिरो शून्य डीबी असताना चुका साधारण ७.९ टक्के आल्या, फॉर्म्युला पण तेच सांगतो. १० चा उणे पाचवा घात, म्हणजे लाखात एक चूक, गाठायला मात्र ९.६ डीबी लागतात, आणि तिथे शंभर चुका दिसायच्या तर एक कोटी बिट पाठवावे लागतात, माझा जुना लॅपटॉप तेवढ्याने तापला. क्यूपीएसके करून बघितलं तर प्रति बिट एरर अगदी बीपीएसकेएवढीच. कुठलंही पुस्तक घ्या, त्यातला एक ग्राफ असा स्वतः काढून बघा.

शेवटी स्क्लारची सेकंडहँड कॉपी घेतली, हेकिन लायब्ररीतून, म्हणजे डेरिव्हेशनपुरतं झेरॉक्स नाहीतर वहीत उतरवून. प्रोबॅबिलिटी चवथीच्या सुट्टीत परत केली, घरात माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) गडबड आणि मी कंडिशनल डेन्सिटी घेऊन कोपऱ्यात, आईने दोनदा नारळ सोलायला उठवलं. ज्यांना थिअरी मुळापासून पाहिजे त्यांच्यासाठी एमआयटीच्या गॅलगरांची लेक्चर ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत, कोर्स ६.४५०, पण ती हे सगळं एकदा झाल्यावर बघा, आधी नको.

एरर करेक्टिंग कोडचा भाग तेवढा राहिला. हॅमिंग आणि सीआरसी हे चुका ओळखायचे सोपे कोड परीक्षेपुरतं स्क्लारमधून झालं, कन्व्होल्युशनल कोडचं ट्रेलिस, म्हणजे त्याची आकृती, तीही त्यातच समजली, पण बीसीएच कोडला आल्यावर फायनाइट फिल्डचं गणित लागतं आणि त्यासाठी लिन-कॉस्टेलो यांचं कोडिंगचं पुस्तक उघडलंय. त्याचा दुसरा चॅप्टर नुसता अल्जेब्रा आहे, आता तिथे आहे मी.