नंबर पहिला, भाडं दुसऱ्याला

"ताई, नंबर माझा पहिला होता. मग लोट्याचं भाडं त्याला कसं?"

चिपळुणात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भाडी वाटायला बसायला लागल्यापासून हा प्रश्न रोजचाच आहे. आता तर ड्रायव्हरांच्या घरूनही विचारणा होते. एकीनं हळदीकुंकवाला, वाण हातात घेता घेता विचारलं. तुम्ही सगळे ड्रायव्हर विचारता म्हणून एकदा नीट सांगते.

साध्या मालाला नंबरच चालतो. गाडी खाली झाली, फोन आला, की वहीत नाव चढतं आणि वरचं नाव आधी जातं. अर्जंट मालाचा हिशेब उलटा. माल कधी पोचला पाहिजे तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे येत गाडीपर्यंत पोचायचं. लोट्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीचा पंप जळतो, दुरुस्तीला पुण्याला न्यायचा असतो, प्लांट थांबलेला असतो. पार्टी एकच विचारते, गाडी गेटवर किती वाजता? त्या वेळी पहिल्या नंबरचे तुम्ही चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर चहा पीत असता, आणि पाचव्या नंबरचा खेडमध्ये नुकताच खाली झालेला असतो. लोट्याला यायला त्याला भोस्ते घाट लागतो, तुम्हाला परशुराम. पावसात परशुरामला दरड आली की तुम्ही आंबडस-चिरणीनं वळसा घालून जाणार. २०२२ साली तर कामासाठी तो घाट रोज दुपारी बंदच ठेवायचे. तेव्हा चिपळूणच्या पहिल्या नंबरला दुपारी काहीच किंमत नव्हती, आणि शिव्या मात्र मी खाल्ल्या.

मग गाडी बघायची. पिकअपभर मालाला आयशर पाठवली तर डिझेलही निघत नाही. माल केमिकलचा असेल तर ड्रायव्हरच्या लायसनवर धोकादायक मालाची नोंद लागते, ती ट्रेनिंग घेतल्याशिवाय मिळत नाही. आमच्या वहीत ती मोजक्यांकडेच आहे, म्हणून ड्रमांची भाडी त्याच त्याच नावांना जाताना दिसतात. अनेकांना सांगून झालं, ट्रेनिंग करून घ्या. कोणी मनावर घेत नाही, आणि मग "ताईचा माणूस" म्हणतात! राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या आणि राज्यातल्या राज्यात लाखावरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन कागद असतो, त्यात गाडीचा नंबर भरलेला असतो. ऐन वेळी गाडी बदलली की तोही बदलावा लागतो. "त्याच्याऐवजी मी जातो" म्हणणं सोपं असतं.

आणि झोप. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या, २०२५ पर्यंत चाललेल्या कायद्यात दिवसाला साधारण आठ तासांची मर्यादा होती. पण आपल्याकडे बहुतेकदा गाडीचा मालकच ड्रायव्हर, मग तास मोजणार कोण? मी विचारते, रात्री कुठे होतात? एकदा विचारलं नाही. एकाचा नंबर आमच्याकडे तीन दिवस लागला नव्हता, मधे दुसरीकडचं भाडं मारून आदल्या रात्री तो सुरतेहून आला होता. ऑफिसात कटकट नको म्हणून अर्जंट भाडं त्यालाच दिलं. "होतंय ताई" म्हणाला. माणगावच्या अलीकडे त्याचे डोळे मिटायला लागले, त्यानं गाडी बाजूला घेतली आणि दोन तास झोपला. त्यानं केलं ते बरोबरच केलं. माल उशिरा पोचला, पार्टीनं भाडं कापलं. ते कापलेले पैसे मी त्याच्या माथी मारले नाहीत, कारण चूक माझी होती.

ओळखीचं विचाराल तर खोटं सांगत नाही. पहिल्या रिंगला फोन उचलणारा माझ्या डोक्यात वर असतोच. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला गेलेला आणि तिथून रिकामा आलेला माणूसही मी लक्षात ठेवते. कोकणातून माल जातो त्या मानानं येत नाही, परतीचं भाडं नशिबावर. त्या रिकाम्या फेरीची भरपाई म्हणून पुढचं चांगलं भाडं त्याला देते. हे वहीत कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे बाकीच्यांना दिसत नाही. आता एक रकाना वाढवते आहे: रिकामे किलोमीटर.

"नाही" म्हटलंत म्हणून नंबर मागे जातो, असं काहींना वाटतं. जात नाही. मुलीचा बारावीचा पेपर आहे, कंबर धरली आहे, सांगा आणि घरी राहा. "निघालो" म्हणून फोन बंद करणाऱ्याचा नंबर मात्र शेवटी जातो. तेही त्याला सांगूनच, फोन लागला की.