गरिबी मोजणारी प्रश्नावली

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. तरीही भारतातील अतिगरिबांचे प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आल्याचे तिचे अनुमान आहे. घट मोठी आहे, यात मला शंका नाही. मात्र गरिबी मोजली जाते ती सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीवरून आणि त्यात भाजी, अंडी, तेल यांचा खर्च तीस दिवसांऐवजी सात दिवसांचा विचारला की आठवण पक्की राहते, नोंदलेला खर्च वाढतो आणि गरिबी कागदावर कमी होते. २०२२-२३ च्या नव्या पाहणीत तर एकाच घरी तीन भेटी झाल्या, पूर्वी एकच होत असे. मधली २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही (हे मला आजही खटकते), त्यामुळे मधल्या वर्षांसाठी अंदाजांवरच विसंबावे लागले.