मुंबईत जेवायचं कुठे? आधी पाटी वाचा

पुण्याहून, नागपूरहून, परदेशातून, कुणाचंही मुंबईला यायचं ठरलं की मला विचारणा होते, ‘दोन दिवस आहोत, जेवायचं कुठे?’ मी घाईघाईत चार नावं सांगते आणि मग रुखरुख लागते, कारण हीच नावं का, ते सांगायचं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी आधी पाटीवर नावापुढचा शब्द वाचते. बोर्डिंग, खाणावळ, भोजनालय, लंच होम, उपहार केंद्र, अँड कंपनी. हे ठिकाण कुणासाठी उघडलं होतं, ते बहुतेक वेळा त्या शब्दावरून कळतं. घरापासून लांब आलेल्या, बिऱ्हाड नसलेल्या माणसासाठी जे उघडलं आणि ज्याला ते अजून आठवतंय, तिथे जेवण सहसा चुकत नाही.

ही खोड आजीची. ती लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. खोली एकच, आणि जेवायला अठरा गडी. सगळे गिरणीतले, बायकापोरं गावाला. पाळीप्रमाणे पंगती उठायच्या, रातपाळीवाल्यांचे डबे वेगळे. साताऱ्याकडच्यांना ज्वारीची भाकरी लागायची, कोकणातल्यांना भात आणि सुकटीचं कालवण. आजी दोन्ही करायची. कालवणात आमसूल कमी पडलं तर तो माणूस काही बोलायचा नाही, नुसता लवकर उठायचा. आजीला तेवढं पुरायचं. पैसे पगाराच्या पगाराला यायचे आणि तोवर किराणा उधारीवर. अशा कितीतरी बायकांचे दागिने गहाण पडलेले असत. समाजसेविका प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यातले किती तरी गावी निघून गेले. आजीच्या पंगती बसायच्या थांबल्या. उधारीची वही मात्र तिच्या फडताळात शेवटपर्यंत होती. प्रत्येक नावापुढे गाव लिहिलेलं: पाटण, खटाव, लांजा, मालवण.

म्हणून पहिलं नाव मी माटुंग्याचं सांगते. माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला, मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. दक्षिणेतून रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेली माणसं माटुंग्यात राहायची, त्यांच्या शेजारात ते उभं राहिलं. रांग असते, थांबा. केळीचं पान मागा. आधी भाज्या, मग भातावर सांबार, मग रसम, आणि शेवटी ताक-भात. वाढपी बादली घेऊन फिरत असतो आणि तुमच्या पानावर नजर ठेवून असतो. मी तिथे पहिल्यांदा जेवले तेव्हा मला आजीची आठवण आली. पदार्थ सगळे वेगळे होते, पण पान रिकामं दिसलं की वाढपी वळायचा तसाच. सकाळी गेलात तर जवळच कॅफे मद्रास आणि राम आश्रय आहे. इडली-कापीसाठी (कापी म्हणजे फिल्टर कॉफी) दोन्ही उत्तम, मी त्यांत डावं-उजवं करत नाही.

दुसरी सकाळ भेंडी बाजारात घालवा. नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ चं, तिथली नल्ली निहारी, म्हणजे नळीच्या हाडांसकट शिजवलेलं मटण, खा. ‘नहार’ म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर मुरवायची आणि सकाळी खायची, म्हणून निहारी. आपली न्याहारी त्याच मुळातून आलेली. शेतावर न्याहारी घेऊन जाणाऱ्या आमच्या गावाकडच्या बाईला आणि भेंडी बाजारातल्या हमालाला एकच शब्द पुरत होता, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. दाट रस्सा, मऊ नान, वर लिंबू. पोटात जागा ठेवूनच जा.

आता एक गोष्ट मला टोचते, तीही सांगायला हवी. बोर्डिंग आणि खाणावळी आपापल्या माणसांच्या होत्या, म्हणजे बऱ्याचदा आपापल्या जातीच्याही. आजीच्या पंगतीत कोण बसत होतं हे मी मोठेपणी आठवून पाहिलं, तेव्हा कोण बसत नव्हतं तेही दिसलं. त्या काळात कुणालाही जात न विचारता खुर्चीवर बसू देणारं ठिकाण म्हणजे इराण्याचं हॉटेल. म्हणून या इराणी हॉटेलांवरची ‘अँड कंपनी’ची पाटी मला इतकी जवळची. धोबीतलावच्या कयानी अँड कंपनीत (१९०४) जा, ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवून खा, अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी, मागवा, निघताना मावा केक बांधून घ्या. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया अँड कंपनीत दुपारीच जावं, बेरी पुलावासाठी. त्यावरची आंबट लाल फळं, झरेश्क, इराणातली. तिथे एकटं बसलं तरी कुणी घाई करत नाही, असा माझा अनुभव.

दादरला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, हे तुम्हाला ठाऊकच असेल. चेंबूर कॅम्पात मात्र मुद्दाम जा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती छावणी. तिचं नाव टिकलं, आणि त्यांचा नाश्ताही. दाल-पकवान सकाळीच खावं: कुरकुरीत पकवान, वर मऊ चणाडाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा.

मासे? मासे खायला लालबाग-परळच्या गल्लीत दुपारी बारा-साडेबाराला जा. खाणावळ छोटी असावी, टेबलं चार-पाच, आणि जेवणारे एकमेकांशी मालवणीत बोलत असावेत. तिथे ताट मागवा आणि कालवणात आमसूल पुरेसं आहे का ते बघा. बाकी काही विचारू नका.

आणि माटुंग्याला पायसम, म्हणजे दक्षिणेकडची खीर, कसलं होतं, ते मला संध्याकाळी फोन करून सांगा.